गॅरेजमधलं विमान, गच्चीवरचं विमान

विमानाची शेपटी सगळ्यात आधी येते. माझ्या पुतण्याकडे ती एका लांबट, चपट्या खोक्यातून आली. ओहायोत त्याचं घर आहे, घराला गॅरेज आहे. खोक्याला जागा करायला बर्फ ढकलायचं यंत्र आणि त्याच्या पोरीची सायकल बाहेर अंगणात गेली. खोक्यात चुरगळलेल्या तपकिरी कागदाचा ढीग, निळी पातळ फिल्म चिकटवलेले ॲल्युमिनियमचे पत्रे आणि नंबर घातलेल्या लहान लहान पिशव्या. पिशव्यांत नट, बोल्ट, वॉशर, रिव्हेट. पहिले दोन दिवस आम्ही काहीच बांधलं नाही. यादी हातात घेऊन नुसती मोजदाद केली, लग्नघरी किराणा उतरवून घेतात तशी.

तिसऱ्या दिवशी गावाहून वहिनींचा फोन आला. "इमान आलं म्हणं. ठेवलंय कुठं?"

"अर्धं गॅरेजमध्ये आन् अर्धं जेवायच्या टेबलावर," मी म्हटलं.

"आन् तुमी काय करताय तितं?"

"भोकं घासतोय, वहिनी."

त्या सहा महिन्यांत मी खरोखर एवढंच केलं. मी पत्राकामाचा माणूस. तेहतीस वर्षं सरकारी आयटीआयमध्ये शीट मेटलचा ट्रेड शिकवला, त्यातली बरीचशी सांगलीत. मूळचा पाटण तालुक्यातला, वांग नदीच्या खोऱ्यातला. माझ्या हाताखालून गेलेली पोरं आज उसाच्या ट्रॉल्या बनवतात, गुऱ्हाळाच्या काहिली दुरुस्त करतात, साखर कारखान्यात पाइप बसवतात. आमच्याकडे रिव्हेटला कुणी रिव्हेट म्हणत नाही, रिपिट म्हणतात. मीही तसंच म्हणणार.

आता घरी विमान बांधतात म्हणजे काय, ते आधी सांगतो. गावात सांगितलं तेव्हा लोकांना वाटलं, पुतण्या खेळण्यातलं विमान करतोय. अमेरिकेत माणसाला स्वतःच्या हाताने खरं, माणसं बसतील असं विमान बांधून, त्याची सरकारी तपासणी करून घेऊन उडवता येतं. १९५३ साली पॉल पोबरेझ्नी नावाच्या वैमानिकाने मिलवॉकीत अशा हौशी लोकांची संघटना काढली. तिचा मेळा दर उन्हाळ्यात ऑशकॉशला भरतो, आपल्याकडे वारीला माणूस लोटतो तसा. पूर्वी लोक नुसता नकाशा विकत घेत आणि पत्रा, लाकूड, कापड बाजारातून गोळा करत. नकाशावरून विमान पुरं व्हायला दहा-दहा वर्षं जात. मग किट आलं. ऑरेगॉन राज्यातली व्हॅन्स एअरक्राफ्ट ही त्यातली सगळ्यात गाजलेली कंपनी. रिचर्ड व्हॅनग्रन्सवन नावाच्या इंजिनियरने ती काढली, आणि तिच्या किटवरून बांधलेली अकरा हजारांहून जास्त विमानं आजवर उडाली आहेत.

किटमध्येही दोन प्रकार. साध्या किटमध्ये सगळे सुटे भाग येतात. दुसऱ्या प्रकारात पंख आणि धड अर्धवट बांधून येतं. पुतण्याने हा दुसरा घेतला. नोकरी सांभाळून, पोरगी शाळेत सोडून, रात्री नऊ ते अकरा एवढाच वेळ त्याला मिळतो. साध्या किटला दीड-दोन हजार तास लागतात म्हणतात, अर्धवट बांधलेल्याला त्याहून बरेच कमी. मात्र एक अट आहे. बांधकामाच्या एकूण कामांपैकी निम्म्याहून जास्त कामं हौशी माणसांच्या हातून, शिकण्यासाठी किंवा आवडीसाठी झालेली असली पाहिजेत. लोक याला एक्कावन्न टक्क्यांचा नियम म्हणतात. हे टक्के वजनावर किंवा पैशांवर मोजत नाहीत, कामांच्या यादीवर मोजतात. इंजिन विकत आणलं तर चालतं, पुढचा पंखा विकत आणला तरी चालतं. रंग मात्र कितीही सुंदर द्या, त्याचा मार्क शून्य. आमच्याकडे प्रॅक्टिकलला जर्नलची सजावट करणाऱ्या पोरांना मी हेच सांगायचो.

तर भोकं.

अशा विमानाचा पत्रा साधारण अर्ध्या मिलिमीटरपासून पाऊण मिलिमीटरपर्यंत जाड असतो. ट्रॉलीच्या पत्र्यावर आयुष्य काढलेल्या माणसाला तो हातात धरला की हसू येतं. पण तो साधा ॲल्युमिनियम नव्हे. त्यात तांबं मिसळलेलं असतं म्हणून तो चिवट, पण तांब्यामुळे गंज लवकर धरतो. म्हणून दोन्ही अंगांना शुद्ध ॲल्युमिनियमचा पातळ थर चढवलेला असतो, भांड्याला कल्हई करतात तसा. तो थर खरवडला जाऊ नये म्हणून ती निळी फिल्म. पुतण्याची बायको स्वयंपाकघरातून गॅरेजमध्ये आली की तिच्या बांगड्यांकडे मी आधी बघायचो.

या किटमध्ये बहुतेक भोकं कारखान्यातूनच पाडून येतात. पत्रा आतल्या फासळीवर ठेवायचा, भोकावर भोक आपोआप बसतं. मग स्प्रिंगच्या लहान पिना असतात, क्लिको म्हणतात, त्या भोकाभोकांत लावत जायचं. शिंप्याने कच्चे टाके घालावेत तसं. शेपटीचा एक पंख असा पिनांनी भरला की साळिंदर दिसतं. आणि मग सगळं परत सुटं करायचं! प्रत्येक भोक मापाच्या ड्रिलने साफ करायचं, दोन्ही बाजूंची बर काढायची, पत्र्याच्या कडा कानशीने मारायच्या आणि बोटाने तपासायच्या. बर म्हणजे ड्रिल मारल्यावर भोकाच्या कडेला उभी राहते ती बारीक धार. ट्रॉलीला ती राहिली तर फार तर हात कापतो. विमान तासन् तास थरथरत असतं, आणि पत्र्याला तडा जायला सुरुवात व्हायची तर अशाच एखाद्या जागेवरून होते. १९५४ साली ब्रिटनची कॉमेट जातीची दोन जेट विमानं काही महिन्यांच्या अंतराने हवेतच फुटली. शोध घेतला तेव्हा कळलं की पत्रा थकला होता. ताण जिथे गोळा होतो अशा जागी, भोकाच्या कडेला तडा सुरू झाला होता. हे मी वर्गात शिकवत आलो होतो. पण शिकवणं वेगळं, आणि आपली नात एक दिवस ज्यात बसणार त्याची भोकं घासणं वेगळं. बोट आपोआप दोनदा फिरतं.

बर काढली की पत्र्याला खळी पाडायची. रिपिटाचं डोकं पत्र्याच्या वर राहिलं तर हवा अडते. म्हणून भोकाभोवती वाटीसारखा खोलगट भाग दाबतात आणि डोकं त्यात सपाट बसवतात. इंग्रजीत त्याला डिंपल म्हणतात, म्हणजे गालावरची खळीच. हे काम एका लांब लोखंडी चौकटीवर होतं. खाली एक ठसा, वर एक ठसा, मध्ये पत्रा. वरच्या ठशाला बारीक खुंटी असते, ती भोकात गेली पाहिजे. मग हातोड्याचा एक नेमका ठोका. ठण् असा भरीव आवाज आला की खळी बरोबर.

इथे माझी फजिती झाली. दुपार होती, पुतण्या ऑफिसात. तेहतीस वर्षं हातोडा धरलेला माणूस, मला कोण विचारणार? सत्तर-ऐंशी खळ्या झाल्या, हात लयीत आला, आणि एका भोकाला खुंटी भोकात गेलीच नाही, शेजारी टेकली. मी ठोका मारला. आवाज बद्द आला. पत्रा उचलून उजेडात धरला तर एकाच्या जागी दोन भोकं, एकमेकांना चिकटलेली, इंग्रजी आठाच्या आकड्यासारखी. शेपटीच्या आडव्या पंखाचा आख्खा पत्रा वाया.

संध्याकाळी पुतण्या आला. त्याने पत्रा पाहिला, माझ्याकडे पाहिलं. "राहू द्या नाना, चहा टाकतो," म्हणाला. मग वही उघडली, तारीख घातली, त्या भोकाचा फोटो काढून चिकटवला, खाली लिहिलं: पत्रा बाद, नवा मागवला. ही वही सक्तीचीच म्हणा ना. कुठलं काम कुणी, कधी, किती तास केलं, त्याची नोंद आणि फोटो. शेवटी तपासनीस येतो तेव्हा विमानाइतकीच ही वही बघतो. माझं नाव अमेरिकन विमानाच्या कागदपत्रांत गेलं ते असं.

नवा पत्रा यायला दोन आठवडे लागले. तेवढ्या दिवसांत रिपिट मारायचा सराव केला, तुकड्यांवर. एका बाजूने हवेवर चालणारी बंदूक रिपिटाच्या डोक्यावर धरतात, दुसऱ्या बाजूने लोखंडाचा जड ठोकळा, आपल्याकडे त्याला डॉली म्हणतात. बंदूक दणके देते, डॉलीच्या बाजूचं टोक चेपून पसरतं. पसरलेलं टोक रिपिटाच्या जाडीच्या दीडपट रुंद आणि निम्मं उंच हवं. कमी चेपलं तर धरत नाही, जास्त चेपलं तर ठिसूळ होतं. दोन माणसांच्या विमानात अशी दहा हजारांहून जास्त रिपिटं. काकाच्या हातात डॉली, पुतण्याच्या हातात बंदूक, मध्ये पत्रा, एकमेकांचं तोंड दिसत नाही. "हं" म्हटलं की मारायचं, "बास" म्हटलं की थांबायचं. आम्ही दोघं इतक्या कमी शब्दांत इतकं पूर्वी कधी बोललो नव्हतो.

पत्र्याची वाट बघत बसलो होतो तेव्हा एक गोष्ट लक्षात आली. किटचे एवढे पैसे लागतात ते पत्र्याचे नव्हेत. पत्रा किलोवर मिळतो. पैसे भोकांच्या जागांचे आहेत. हे भोक इथेच का, त्याच्या शेजारचं एवढ्याच अंतरावर का, फासळी इथेच का वाकवली, याचा हिशोब आधी कुणीतरी करून बसलंय. पंख उलटा टांगून त्यावर वाळूच्या पोत्यांची थप्पी लावलीय. उलटा अशासाठी, की उडताना हवा पंखाला वर उचलते, तो भार जमिनीवर दाखवायचा तर पंखच पालथा करावा लागतो. मग कितव्या पोत्याला तो मोडतो ते पाहिलंय. पुतण्याने या सगळ्याची उत्तरं खोक्यातून विकत घेतली.

आमच्याच खोऱ्यातल्या एका माणसाला ती मिळाली नव्हती.

कॅप्टन अमोल यादव यांचं मूळ गाव पाटण तालुक्यात, ढेबेवाडी भागात. वैमानिक झाले, जेट एअरवेजमध्ये नोकरी केली. विमान बांधायचा पहिला प्रयत्न त्यांनी १९९८ साली केला, तो फसला. दुसराही तडीस गेला नाही. तिसरं विमान त्यांनी मुंबईत, कांदिवलीच्या चारकोपमध्ये, राहत्या पाच मजली इमारतीच्या गच्चीवर बांधलं. सहा आसनांचं, नाव टीएसी-००३. लेथ, कॉम्प्रेसर, वेल्डिंग मशीन, सगळं अरुंद जिन्यावरून वर गेलं. परदेशातून आणलेलं १८० किलोचं इंजिनही जिन्यावरूनच गेलं. पन्नास किलोची साडेतीन पोती एकाच गाठोड्यात बांधून पाच मजले चढवायची, तीही कुठे आपटू न देता, असा हिशोब करा. वर ताडपत्रीखाली काम. खाली एकत्र कुटुंब, एकोणीस माणसांचं.

२०१६ च्या फेब्रुवारीत वांद्रे-कुर्ला संकुलात मेक इन इंडियाचं प्रदर्शन होतं. त्यासाठी विमान सुटं करून क्रेनने गच्चीवरून खाली उतरवलं आणि तिथे नेऊन लोकांना दाखवलं. मला जाता आलं नाही. भाचा जाऊन आला, त्याने फोटो आणले. घरातले सगळे विमानासमोर उभ्या असलेल्या भाच्याकडे बघत होते, मी फोटो मोठा करून मागच्या पत्र्यावर रिपिटांच्या ओळी दिसतात का ते बघत होतो.

बांधायला गेला त्याहून कठीण काळ पुढे होता. नोंदणीसाठी त्यांची धडपड २०११ पासूनची. नोंदणी मिळाली नोव्हेंबर २०१७ मध्ये, व्हीटी-एनएमडी. त्यातली शेवटची अक्षरं पंतप्रधान नरेंद्र मोदी आणि तेव्हाचे मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांच्या नावांवरून. उड्डाणाची परवानगी ऑक्टोबर २०१९ मध्ये. प्रत्यक्ष चाचणी ऑगस्ट २०२० मध्ये, धुळ्याच्या धावपट्टीवर. मधे २०१८ साली राज्य सरकारशी ३५ हजार कोटींचा करार झाला, पालघरमध्ये १५७ एकर जागेची आणि १९ आसनी विमानाची बोलणी झाली, तेव्हा पेपरांत मोठे मथळे आले. मला त्या आकड्यांपेक्षा तो जिना जास्त आठवतो.

लोक म्हणतात, यादवांना सरकारी खात्याने छळलं. मी जन्मभर सरकारी नोकरी केली, फाइल कशी झोपते ते मला माहीत आहे. पण खात्याची अडचणही मला कळते. किटचं विमान आलं तर तपासनीसाला विचारता येतं, या जातीची आधी किती उडाली, कुठे काय मोडलं? गच्चीवरचं विमान आपल्या जातीचं एकटंच. त्याची वाळूची पोती कुणी मोजली? नव्या वस्तूवर असा अविश्वास जुनाच. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर केले, तेव्हा शेतकरी ते घेईनात. लोखंडाने जमिनीत विष उतरतं म्हणत. नांगर पडून राहिले. पण नांगर निदान शेजाऱ्याच्या रानात चालवून दाखवता येत होता. विमान चालवून दाखवायलाच आधी परवानगी लागते.

मुंबईच्या चौपाटीवर १८९५ साली तळपदे नावाच्या गृहस्थांनी विमान उडवलं, ही गोष्ट कुणी ना कुणी इथे काढतंच. मी त्यात पडत नाही. त्या विमानाचं एक रिपिटसुद्धा कुणाला दाखवता आलेलं नाही.

आपल्या भागात हाताने काही करणाऱ्यांना तोटा नाही. कडेगाव तालुक्यात देवराष्ट्रे आहे, यशवंतराव चव्हाणांचं जन्मगाव. तिथल्या एका कारागिराने भंगारातून जीप बनवली, किक मारून सुरू होणारी. महिंद्रा कंपनीने जानेवारी २०२२ मध्ये ती जीप घेऊन त्याला बदल्यात नवी बोलेरो दिली. सांगलीत महिनाभर दुसरा विषय नव्हता. मलाही अभिमान वाटला. पण जीप बंद पडली तर चौघं उतरून ढकलतात.

त्याच्या आधी पाच महिने, ऑगस्ट २०२१ मध्ये, यवतमाळ जिल्ह्यात फुलसावंगीच्या चोवीस वर्षांच्या पोराने स्वतः बनवलेलं हेलिकॉप्टर जमिनीवरच चालवून पाहिलं. मारुती कारचं इंजिन, वेल्डिंग त्याचंच. शेपटीचा पंखा तुटला, वरच्या मोठ्या पंख्याला लागला, आणि तो पंखा त्याच्या डोक्यात. गेला. आठवीपर्यंत शिकलेला, पत्र्याचं काम करणारा पोरगा. त्याचा फोटो पाहिला तेव्हा मला वाटलं, हा माझ्या वर्गात तिसऱ्या बाकावर बसलेला आहे. असे दरवर्षी दोन-तीन असायचे. त्यांना कौतुक करणारे पन्नास मिळतात, डॉली धरणारा एक मिळत नाही. सुरक्षा तारेला पीळ किती द्यायचा, नट परत का फिरतो, फिरणारा पंखा आधी माणूस लांब उभा करून का चालवायचा, हे सांगणारं पुस्तक मराठीत त्याच्या हातात कुणी ठेवलं असतं तर? मी स्वतः तेहतीस वर्षांत ठेवलं नाही, म्हणून हे विचारतोय.

किट सांगलीत आणलं तर, असं पुतण्या एकदा म्हणाला होता. मी हसलो. कवलापूरच्या माळावर विमानतळ होणार हे ऐकत माझे केस पिकले. कराडची धावपट्टी कोयना धरणाच्या काळातली, तिथून उडता येईल. पण आधी आयात शुल्क, मग नोंदणी, मग तपासणी करायला या जातीचं विमान पाहिलेला माणूस. केरळमधल्या आलप्पुळच्या एका इंजिनियरने लॉकडाउनमध्ये चार आसनी किट दीड वर्षात बांधलं आणि मुलीच्या नावाचं विमान करून बायकापोरांसह युरोपात फिरला. पण बांधलं ब्रिटनमध्ये.

मी ऑक्टोबरात परत आलो तेव्हा शेपटी पुरी झाली होती आणि अर्धवट बांधलेले पंख नुकतेच आले होते. माझा बाद पत्रा पुतण्याने कापून तळहाताएवढा तुकडा दिला, आठच्या आकड्याचं भोक मधोमध. आयटीआयची जुनी पोरं घरी आली की मी तो त्यांच्या हातात देतो आणि काय चुकलं ते ओळखायला सांगतो. बहुतेक जण ओळखतात. कुणी मारलं असेल, ते कुणी ओळखत नाही.

परवा संध्याकाळी चहा पीत होतो, पुतण्याचा व्हिडिओ कॉल आला. तिकडे सकाळ. पेट्रोलच्या टाक्या पंखातच असतात, त्या कारखान्यातून सील होऊन येतात. पण एक झाकण आपल्याला बसवावं लागतं. काळा, चिकट, दोन दिवस हाताचा वास न जाणारा मसाला लावून. गळती बघायची रीत साधी आहे. टाकीची सगळी तोंडं बंद करायची, एका तोंडाला पोरांचा फुगा बांधायचा, टाकीत जराशी हवा भरून फुगा फुगवायचा आणि रिपिटांवरून साबणाचं पाणी फिरवायचं. बुडबुडा आला तर गळती. नाही आला तर फुगा तसाच रात्रभर ठेवायचा.

पोरीने फोन हातात घेतला आणि फुग्यासमोर धरला. लाल फुगा, ताठ उभा. वहिनी त्या दिवशी आमच्याकडेच होत्या, माझ्या खांद्यावरून बघत म्हणाल्या, "झालं की मग. आता उडवा म्हणावं."

"कधी लावलास?" मी पुतण्याला विचारलं.

"रात्री नऊला, नाना."

"गॅरेजचा हीटर चालू होता?"

तो थोडा थांबला. "होता."

"मग गरम हवेनेही ताठ राहील तो. हीटर बंद कर आणि अजून एक रात्र ठेव."